एक खेळाडू, दोन खेळ: दुहेरी कारकिर्दीवर लेख कसा लिहावा

क्रिकेट आणि फुटबॉल हे दोन्ही खेळ वरच्या दर्जावर खेळलेल्या खेळाडूवर दिवाळी अंकासाठी, शाळेच्या स्मरणिकेसाठी किंवा मंडळाच्या वार्षिकासाठी लेख लिहायला घेतला की बहुतेक लेखक ठरलेली वाट धरतात. आधी क्रिकेटचे प्रकरण, मग फुटबॉलचे प्रकरण आणि शेवटी 'असा अष्टपैलू खेळाडू पुन्हा होणे नाही' हे वाक्य. असा लेख चुकीचा नसतो, पण ज्या कारणासाठी तो लिहायला घेतला तेच कारण त्यातून निसटते. हे दोन्ही खेळ एकाच शरीराने, एकाच वर्षाच्या बावन्न आठवड्यांत खेळले जात होते. एका खेळातली दुखापत दुसऱ्या खेळातल्या धावांवर उमटत होती आणि एका संघाचे बोलावणे दुसऱ्या संघाच्या सामन्याच्या आड येत होते. म्हणून अशा लेखाची तयारी दोन याद्यांनी करू नये, दोन्ही खेळांच्या तारखा एकाच कागदावर मांडून करावी, एवढेच या मार्गदर्शनाचे सूत्र आहे. पुढचा सगळा मजकूर त्याचाच विस्तार आहे.

खेळाडू कोण निवडावा

इंदूरच्या लेखकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन हा मिडलसेक्सचा फलंदाज आणि आर्सेनलचा डाव्या बगलेवरून खेळणारा फुटबॉलपटू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सेवेत त्याची नेमणूक इंदूरजवळच्या महूला झाली आणि तो १९४४-४५ च्या हंगामात होळकर संघाकडून रणजी करंडकात खेळला. भारतीय फुटबॉल संघाचे माजी कर्णधार चुनी गोस्वामी यांनी डिसेंबर १९६६ मध्ये मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाकडून इंदूरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध सामन्यात आठ बळी घेतले. आपल्या गावाच्या मातीशी संबंध असलेले असे दोन खेळाडू हाताशी असताना पहिल्याच लेखासाठी तिसरा शोधण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

ज्यांना निव्वळ इंग्लंडच्या व्यवस्थेवर लिहायचे असेल त्यांच्यासाठी विली वॉटसन, आर्थर मिल्टन, ख्रिस बाल्डरस्टोन आणि फिल नील ही नावे चांगली आहेत, कारण या चौघांनीही दोन्ही खेळांतून प्रत्यक्ष उपजीविका केली. आजच्या वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी घ्यावी. वयाच्या सोळाव्या वर्षी, २००७ मध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने तिने क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत देशासाठी पदार्पण केले आणि पुढे दोन्ही खेळांचे विश्वचषक खेळली. इयान बोथम मात्र या विषयासाठी घेऊ नये. स्कन्थॉर्प युनायटेडकडून तो लीगचे ११ सामने खेळला हे खरे, पण त्यातून किस्सा होतो, कारकीर्द होत नाही.

आधी पंचांग मांडावे

फुलस्केप कागद आडवा धरून वरच्या ओळीत बारा महिने लिहावेत आणि खाली कारकिर्दीतल्या प्रत्येक वर्षाला एक ओळ द्यावी. क्रिकेटसाठी लाल आणि फुटबॉलसाठी निळी पेन्सिल घेऊन, ज्या महिन्यांत खेळाडू ज्या खेळात गुंतला होता ते चौकोन रंगवावेत. संगणकावर हेच काम अधिक नीटनेटके होते, पण कागदावर रंग एकमेकांवर चढतात तेव्हा जे दिसते ते पडद्यावरच्या रकान्यांत तितके डोळ्यांत भरत नाही.

रंग कुठे एकमेकांवर चढतील हे देशागणिक बदलते आणि ते आधीच माहीत असावे. इंग्लंडमध्ये काउंटी क्रिकेट, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांचे क्रिकेट, एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालत असे, तर फुटबॉल ऑगस्टच्या उत्तरार्धापासून एप्रिल-मेपर्यंत. म्हणजे वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी, खेळाडूवर दोन्ही मालकांचा हक्क असे. बंगालमध्ये स्थिती निराळी होती. कोलकात्याची फुटबॉल लीग ऐन पावसाळ्यात चिखलात रंगायची आणि रणजी करंडकाचे सामने थंडीत व्हायचे, त्यामुळे वर्षाचे दोन तुकडे जवळपास आपोआप पडत. ओढाताण होई ती प्रामुख्याने दिल्लीचा ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स यांसारख्या बाहेरगावच्या स्पर्धांमुळे, कारण त्या पावसाळा संपल्यानंतर होत आणि क्रिकेटच्या हंगामाला जाऊन भिडत. इंग्लंडच्या खेळाडूची अडचण गोस्वामींवर लादू नये आणि गोस्वामींची सोय कॉम्प्टनला देऊ नये, यासाठी हे पंचांग आवश्यक आहे.

आता ते प्रत्यक्षात कसे वाचावे हे पाहू. कॉम्प्टनच्या १९५० सालच्या ओळीत २९ एप्रिलला निळी खूण येते: वेम्ब्ली मैदानावर आर्सेनलने लिव्हरपूलचा २-० असा पराभव करून एफए कप ही इंग्लंडमधली मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकली, कॉम्प्टन त्या संघात होता आणि त्याचा थोरला भाऊ लेस्ली हाही होता. फुटबॉलचे प्रकरण वेगळे लिहिणारा लेखक येथे विजयाचा परिच्छेद लिहून थांबतो. त्याच ओळीत पुढे सरकले की मात्र लाल चौकोन रिकामे दिसू लागतात. १९३८ मध्ये चार्लटनविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन दुखावलेला गुडघा पुन्हा बळावला होता, त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि १९५० चा क्रिकेट हंगाम मोठ्या प्रमाणात हातचा गेला. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर कसोटी सामन्यांत त्याची सरासरी ७.५७ इतकी खाली आली. ज्याने १९४७ च्या एकाच उन्हाळ्यात १८ शतकांसह ३,८१६ धावा केल्या त्याच फलंदाजाची ही सरासरी आहे. पुढे १९५५ मध्ये गुडघ्याची वाटी काढून टाकावी लागली, आणि तरीही १९५६ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध परतताना त्याने ९४ धावा केल्या. हा सगळा धागा फुटबॉलच्या मैदानावर सुरू होऊन क्रिकेटच्या मैदानावर संपतो. दोन प्रकरणे वेगळी ठेवली तर तो कुठल्याच प्रकरणात बसत नाही.

कधी कधी दोन्ही रंग एकाच चौकोनात, अगदी एकाच दिवशी येतात. १५ सप्टेंबर १९७५ रोजी ख्रिस बाल्डरस्टोन चेस्टरफील्ड येथे लेस्टरशायरकडून डर्बीशायरविरुद्ध खेळत होता. दिवसाचा खेळ थांबला तेव्हा तो ५१ धावांवर नाबाद होता. तेथून तो मोटारीने डॉनकास्टरला गेला, त्याच संध्याकाळी डॉनकास्टर रोव्हर्सकडून ब्रेंटफर्डविरुद्ध फुटबॉलचा लीग सामना खेळला, तो १-१ असा बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या दिवशी चेस्टरफील्डला परतून त्याने आपले शतक पूर्ण केले. शिवाय शेवटच्या डावात त्याने बळीही घेतले आणि लेस्टरशायरने पहिल्यांदाच काउंटी अजिंक्यपद पटकावले. असा दिवस हाती लागला तर त्यावर एक पूर्ण परिच्छेद खर्च करावा आणि तो विशेषणांवर नव्हे, तर घटनाक्रमावर करावा. 'अचाट', 'अविश्वसनीय' असे शब्द लिहिण्याचा मोह होतो. पण कुठून निघाला, कुठे पोहोचला, किती धावांवर नाबाद होता, हे क्रमाने सांगितले की ते शब्द वाचक स्वतःच म्हणतो.

गोस्वामींच्या कागदावर १९६२ ची ओळ अशीच बारकाईने पाहावी. सप्टेंबरच्या आरंभी जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच वर्षीच्या क्रिकेट हंगामात, १९६२-६३ मध्ये, त्यांनी बंगालकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. फुटबॉलमधून निवृत्त झाल्यावर ते क्रिकेटकडे वळले असे सर्रास लिहिले जाते. कागदावरचे चौकोन मात्र वेगळे सांगतात: फुटबॉलच्या शिखरावर असतानाच त्यांनी दुसरा खेळ वरच्या पायरीवर सुरू केला, आणि कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून ते १९६८ पर्यंत फुटबॉल खेळत राहिले.

'व्यावसायिक' हा शब्द जपून वापरावा

दुहेरी खेळाडूंवरच्या मराठी लेखांत सर्वाधिक ढिलाई या शब्दाच्या बाबतीत होते. कॉम्प्टन दोन्ही खेळांत व्यावसायिक होता, म्हणजे काउंटी आणि क्लब त्याला खेळण्याचे वेतन देत. इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूच्या साप्ताहिक वेतनावर कमाल मर्यादा होती. १९६१ च्या जानेवारीत ती उठली तेव्हा ती २० पौंड होती. हे लक्षात घेतले की विसाव्या शतकाच्या मध्यात इतके खेळाडू उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल का खेळत, याचे निम्मे उत्तर मिळते. हौस होतीच, पण वर्षाचे बारा महिने चूल पेटती ठेवण्याचाही प्रश्न होता.

क्रिकेटमध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९६२ च्या अखेरपर्यंत अधिकृतपणे पाळला जात होता आणि तो छापील धावफलकावरही दिसे. हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकाची आडनावानंतर छापली जात. जुना इंग्लिश धावफलक हाती आला तर पहिल्यांदा हीच गोष्ट पाहावी, कारण त्या एका खुणेवरून खेळाडूचे मैदानावरचे सामाजिक स्थान कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी खेळलेला सी. बी. फ्राय दोन्ही खेळांत इंग्लंडकडून खेळला, पण तो हौशी होता. कॉम्प्टनसोबत त्याला एकाच वाक्यात 'व्यावसायिक' म्हणणे सरळ चूक ठरेल.

भारतात हा शब्द त्याहूनही अडचणीचा आहे. गोस्वामी स्टेट बँकेत नोकरीला होते आणि त्या काळातल्या अनेक खेळाडूंचा चरितार्थ अशाच नोकऱ्यांवर चाले. खेळाचे थेट वेतन घेणारा फुटबॉलपटू ही पुढच्या पिढीची गोष्ट आहे. होळकर संघाचे उदाहरण तर इंदूरकरांना सांगायला नको. सी. के. नायडू यांच्या नावामागे 'कर्नल' लागते ते होळकरांच्या सैन्यातल्या हुद्द्यामुळे. दरबाराने हुद्दा द्यायचा, पगार द्यायचा आणि खेळाडूने मैदान गाजवायचे, या पद्धतीला हौशी म्हणावे की व्यावसायिक, याचे एका शब्दात उत्तर नाही आणि लेखात ते एका शब्दात देऊही नये. 'संस्थानच्या सेवेत राहून खेळत' असे स्वच्छ लिहावे. कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळला तेव्हा तो शिपाईगिरीच्या पगारावर होता, म्हणजे एरवी दोन्ही खेळांत व्यावसायिक असलेला हा खेळाडू महूच्या मुक्कामात कुठल्याच खेळाच्या पगारावर नव्हता. ही गंमत लेखात आली पाहिजे.

आकडे तपासण्याची रीत

धावफलकाची एक मोठी सोय अशी की तो स्वतःचीच साक्ष तपासू देतो. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर झालेला रणजी करंडकाचा अंतिम सामना घ्या. मुंबईच्या धावा ४६२ आणि ७६४, होळकरांच्या ३६० आणि ४९२. मुंबईची बेरीज १,२२६ होते, होळकरांची ८५२ होते, फरक ३७४ येतो, आणि मुंबईचा विजय ३७४ धावांनीच नोंदलेला आहे. चारही डावांची बेरीज २,०७८. एखाद्या आठवणींच्या लेखात यातला एक आकडा वेगळा छापलेला असेल तर बेरीज लगेच हलते आणि चूक कुठे आहे ते सापडते. इंदूरच्या १९६६ च्या सामन्यालाही हीच कसोटी लावावी: वेस्ट इंडीज १३६ आणि १०३, संयुक्त विभाग २८३, म्हणून एक डाव आणि ४४ धावांनी विजय. दोन मिनिटांचे हे काम आहे, पण ते न करताच आकडे उतरवून घेणारे लेखक फार आहेत.

बेरीज जुळली म्हणजे काम संपले असे नाही. त्या आकड्यांमध्ये आपला खेळाडू कुठे उभा आहे ते पाहावे. मुंबईच्या त्या सामन्यात होळकरांच्या दुसऱ्या डावात कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या. हा आकडा एकटा उभा केला तर एका पाहुण्या फलंदाजाचा पराक्रम एवढेच कळते. त्याच्या शेजारी विजय मर्चंट यांच्या २७८ धावा, मुश्ताक अली यांची दोन्ही डावांतली शतके आणि सी. एस. नायडू यांनी एकाच सामन्यात टाकलेले ९१७ चेंडू ठेवले की खेळपट्टी कशी होती, ऊन किती होते आणि त्या धावांची किंमत काय होती, याचा अंदाज वाचकाला येतो. ९१७ चेंडू म्हणजे दीडशेहून अधिक षटके, एकट्या माणसाने. कॉम्प्टनवरच्या लेखात सी. एस. नायडूंना दोन ओळी दिल्याने कॉम्प्टन लहान होत नाही.

नावांचा घोळ हा दुसरा धोका. मिडलसेक्स आणि आर्सेनल या दोन्ही संघांत दोन कॉम्प्टन होते. लेस्ली यष्टिरक्षक आणि बचावफळीतला खेळाडू होता आणि वयाच्या ३८ व्या वर्षी फुटबॉलमध्ये इंग्लंडकडून प्रथमच खेळला; त्यामुळे नुसते 'कॉम्प्टन' वाचून नोंद डेनिसच्या नावावर टाकू नये. होळकर संघात सी. के. आणि सी. एस. हे दोन नायडू आहेत, तेव्हा ही सवय इंदूरच्या वाचकाला असायलाच हवी. गोस्वामींच्या बाबतीत उलटे होते: माणूस एकच, पण फुटबॉलच्या बातमीत 'चुनी' आणि धावफलकात सुबिमल या मूळ नावाचे आद्याक्षर, त्यामुळे शोधताना दोन्ही नावे घ्यावी लागतात.

हंगाम लिहिण्याची पद्धतही सांभाळावी. इंग्लंडमधले क्रिकेट एका सालात मावते, म्हणून '१९४७' पुरते. फुटबॉल दोन सालांत पसरतो, म्हणून '१९४७-४८'. भारतात रणजीचा हंगाम दोन सालांचा आणि कोलकात्याची लीग एका सालाची. चार पद्धती एका लेखात आल्या की वाचक गोंधळतो, तेव्हा जिथे शक्य असेल तिथे महिना लिहून मोकळे व्हावे.

अधिकृत काय, अनधिकृत काय

कसोटी क्रिकेट आणि पूर्ण आंतरराष्ट्रीय फुटबॉल हे दोन्ही इंग्लंडकडून खेळलेले पुरुष खेळाडू फक्त बारा आहेत, आणि त्यांतला शेवटचा आर्थर मिल्टन. कॉम्प्टन या यादीत नाही. तो ७८ कसोटी सामने खेळला आणि फुटबॉलमध्येही इंग्लंडच्या रंगात उतरला, पण ते फुटबॉलचे सामने युद्धकाळातले होते आणि युद्धकाळातले सामने अधिकृत धरले जात नाहीत. अनेक लेखक कॉम्प्टनला बेधडक 'दोन्ही खेळांतला आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणतात. म्हणायला हरकत नाही, मात्र 'युद्धकाळातील अनधिकृत सामन्यांत' हे शब्द गाळू नयेत. लीगच्या आकड्यांचेही तसेच आहे. आर्सेनलकडून त्याचे अधिकृत लीग सामने ५४ आणि गोल १५ भरतात. प्रथम श्रेणी क्रिकेटचे सामने मात्र ५१५. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'फुटबॉल त्याच्यासाठी दुय्यम होता' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, १९३९ ते १९४६ या काळात लीगच बंद होती आणि त्या वर्षांत तो एकवीस ते अठ्ठावीस वर्षांचा होता, हे ध्यानात घ्यावे.

गोस्वामींच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आकडाही ठिकठिकाणी निराळा दिसतो. वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत तो ५० असा येतो. पूर्ण दर्जाचे सामनेच मोजणाऱ्या याद्यांत त्याहून बराच कमी. अशा वेळी यांतला एक आकडा आवडला म्हणून उचलू नये. काय धरून मोजले ते एका वाक्यात सांगावे आणि पुढे जावे. त्यांच्या क्रिकेटचे आकडे तुलनेने निर्वेध आहेत: ४६ प्रथम श्रेणी सामने, १,५९२ धावा, एक शतक आणि ४७ बळी.

आणखी एक कथा या विषयात हमखास समोर येते. व्हिव्हियन रिचर्ड्स फुटबॉलच्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अँटिग्वाकडून खेळले, असे असंख्य ठिकाणी छापलेले आहे. पण त्या सामन्यांच्या उपलब्ध नोंदींत त्यांचे नाव सापडत नाही. शंभर ठिकाणी छापलेली गोष्ट एकाच ठिकाणाहून उतरवलेली असू शकते, त्यामुळे संघाची नावनिशी मिळाल्याशिवाय असे विधान करू नये.

जुन्या अंकांकडे आणि जुन्या माणसांकडे जाताना

इंदूरमध्ये संदर्भ शोधताना कालक्रम आधी डोक्यात पक्का करावा. १९६६ च्या सामन्यासाठी 'नईदुनिया'चे जुने अंक पाहता येतात, पण हे वृत्तपत्र १९४७ मध्ये सुरू झाले, त्यामुळे कॉम्प्टनच्या होळकर हंगामासाठी त्यात हेलपाटे घालून उपयोग नाही. १९४५ चा अंतिम सामना मुंबईत झाला, म्हणून त्याचे दैनंदिन वृत्तांत मुंबईहून निघणाऱ्या त्या काळच्या दैनिकांत शोधावेत. अंक चाळताना सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करावी आणि सामना संपल्यानंतर आणखी चार-पाच अंक पाहावेत, कारण खेळाडूंचा सत्कार, भोजन, परतीचा प्रवास अशा बारीक बातम्या नंतर येतात आणि लेखाला जिवंतपणा त्यांच्यामुळेच येतो.

१९६६ चा सामना पाहिलेली माणसे अजून भेटतात. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांतून किंवा गणेशोत्सवाच्या मंडळांतून चौकशी केली की कोणी ना कोणी 'आमच्या काकासाहेबांना विचारा' असे सांगतेच. त्यांच्याकडे गेल्यावर पहिलाच प्रश्न 'गोस्वामींनी किती बळी घेतले?' असा करू नये. आकडा आपल्याकडे आहे आणि त्यांनी चुकीचा सांगितला तर पुढची बैठक अवघडते. त्याऐवजी 'काकासाहेब, तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता? गोलंदाज कुठल्या टोकाकडून यायचे? लोक फुटबॉलपटू म्हणून त्यांना ओळखत होते का?' असे विचारावे. यातला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण बंगालमध्ये घराघरांत पोहोचलेला फुटबॉलचा नायक माळव्यातल्या प्रेक्षकाला त्या दिवशी केवळ एक मध्यमगती गोलंदाज वाटला होता का, हे धावफलक सांगू शकत नाही. त्या सामन्यात गोस्वामींचे सहकारी गोलंदाज सुब्रत गुहा यांनी अकरा बळी घेतले होते, म्हणून काही आठवणींत गुहांचे चेंडू गोस्वामींच्या खात्यावर जमा झालेले आढळतात. तेवढी वजावट करून घ्यावी.

किस्से मिळतील ते टिपावेत, पण लेखात त्यांची जागा वेगळी ठेवावी. कॉम्प्टनला एका व्यापाऱ्याने शंभरानंतरच्या प्रत्येक धावेमागे रोख बक्षीस कबूल केले आणि खेळी संपल्यावर तो माणूस तातडीच्या कामाचे निमित्त सांगून गायब झाला, अशी कथा त्या अंतिम सामन्याबद्दल सांगतात. कथा बहारीची आहे आणि ती गाळावी असे मी म्हणणार नाही. फक्त '… असे सांगतात' हे शब्द तिच्या अंगावर राहू द्यावेत आणि २४९ या आकड्याच्या वाक्यात ती मिसळू नये.

लिहायला बसल्यावर

सगळी सामग्री जमल्यावर जन्मापासून सुरुवात करण्याची गरज नाही. पंचांगाच्या कागदावर दोन रंग जिथे सर्वांत गडद एकमेकांवर चढले आहेत ते वर्ष निवडावे आणि तिथून लेख सुरू करावा. बाल्डरस्टोनसाठी ते १९७५ असेल, कॉम्प्टनसाठी १९५०, गोस्वामींसाठी १९६२, पेरीसाठी २००७. मग मागे जाऊन घडण सांगावी आणि पुढे येऊन ओढाताण. गोल आणि धावा यांची तुलना करण्याच्या फंदात पडू नये. या दोन्ही गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. विचारण्यासारखा प्रश्न एवढाच की एका खेळाने दुसऱ्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले. कॉम्प्टनच्या पदलालित्याचे श्रेय फुटबॉलला देणारे पुष्कळ आहेत, आणि ते बरोबरही असेल. पण देण्याच्या बाजूला एवढे लिहिले तर घेण्याच्या बाजूला गुडघा लिहिलाच पाहिजे.

संज्ञा वापरताना दोन वाचक डोळ्यांसमोर ठेवावेत. क्रिकेटचा वाचक 'फॉलोऑन' समजावून सांगितला तर वैतागतो, पण त्यालाच विंगर म्हणजे बगलेवरून धावत जाऊन गोलासमोर चेंडू पुरवणारा खेळाडू, हे एकदा सांगावे लागते. आमच्याकडे क्रिकेटचा वाचक दसपट आहे. म्हणून फुटबॉलच्या बाजूला शब्द थोडे अधिक खर्च करावेत आणि क्रिकेटच्या बाजूला हात आखडता घ्यावा. वॉटसनवर लिहिणाऱ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धची १९५३ ची लॉर्ड्स कसोटी, ट्रेव्हर बेलीसोबतची सामना वाचवणारी झुंज आणि १०९ धावा सहज मिळतात. तोच माणूस १९५० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी इंग्लंडच्या चमूत होता हे वाक्य मात्र कोपऱ्यात जाऊन पडते. ते ओढून मध्यभागी आणावे.

दुहेरी खेळाडू दोनदा निवृत्त होतो, हे शेवटच्या भागाची आखणी करताना विसरू नये. कॉम्प्टनने फुटबॉल १९५० मध्ये सोडला आणि व्यावसायिक क्रिकेट १९५७ मध्ये. मधली सात वर्षे तो केवळ क्रिकेटपटू म्हणून कसा खेळला, हा स्वतंत्र परिच्छेदाचा विषय आहे. गोस्वामींनी फुटबॉल १९६८ मध्ये थांबवला, त्यानंतर १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४ धावा केल्या, १९७१-७२ मध्ये बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा अंतिम सामना गाठला आणि १९७२-७३ नंतर प्रथम श्रेणी क्रिकेटला रामराम केला. निवृत्तीनंतरचा धंदाही एका-दोन वाक्यांत द्यावा, कारण दोन खेळांची मिळकत पुढे किती पुरली हे त्यावरून कळते. बाल्डरस्टोन पंच झाला, वॉटसन प्रशिक्षक म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेला, गोस्वामी टाटा फुटबॉल अकादमीचे पहिले संचालक झाले, आणि दोन्ही खेळांत इंग्लंडकडून खेळलेला शेवटचा माणूस आर्थर मिल्टन ब्रिस्टलमध्ये पोस्टमन म्हणून घरोघरी टपाल वाटत असे.